गच्चीवर भाजीची बाग: स्लॅबला किती वजन झेपेल, पिशव्यांत काय भरायचं, पाणी कसं द्यायचं?

कर्वेनगरकर

पुण्यात स्वतःचं दुमजली घर आहे, १९९८ चं आरसीसी बांधकाम. गच्ची २५ × २० फूट, म्हणजे ५०० चौरस फूट. वर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा पाणी अडवणारा थर) आणि त्यावर चायना मोझॅक (फरशीच्या तुकड्यांचा थर). दक्षिण आणि पश्चिम मोकळी, दिवसभर ऊन. पाण्याची टाकी गच्चीवरच ४ फुटी ओट्यावर आहे.

चौघांच्या घरासाठी भाजी लावायची आहे: पालेभाज्या, मिरची, वांगी, टोमॅटो, भेंडी, दोन-तीन वेल, शिवाय कढीपत्ता आणि एक लिंबू. पावसाळ्याच्या सुरुवातीला लागवड करावी असा विचार आहे.

गवंडी म्हणतो, कठड्याला लागून दोन्ही बाजूंनी विटांचे वाफे बांधू, ९ इंच माती भरू, पिशव्यांची कटकट नको. पण नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात खालच्या खोलीच्या छताला पावसाळ्यात ओल येते. आधी ती ओल बघावी का? वाफे की पिशव्या? मिश्रणाचं प्रमाण काय? जाणकारांनी कृपया नेमकं सांगावं.

---

स्लॅबबीम

वाफे नकोत. कारण आकड्यांत बघा.

लोकांचा वावर असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात १.५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर एवढा चल भार (माणसं, सामान यांचं वजन) धरलेला आहे. म्हणजे चौरस मीटरला सुमारे १५० किलो, चौरस फुटाला १४ किलो. ओल्या मातीचं वजन घनमीटरला १८०० किलोच्या आसपास. ९ इंच थर म्हणजे २३ सेंमी, म्हणजे फक्त मातीचेच चौरस मीटरला ४१० किलो. विटा, प्लास्टर आणि त्यात उभी राहणारी माणसं वेगळी. स्लॅब ज्या भारासाठी धरला त्याच्या पावणेतीन पट वजन बारा महिने त्यावर बसणार. स्लॅब लगेच पडत नाही हे खरं, पण तो वाकतो, खालच्या बाजूला बारीक भेगा पडतात, त्यांतून ओल सळईपर्यंत जाते आणि सळई गंजायला लागते.

आता १२ × १२ इंची पिशवी घ्या. तिच्यात २१ लिटर मावतं, आपण १८ भरतो. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि खताच्या हलक्या मिश्रणाची भिजलेली पिशवी १७ किलोच्या आसपास भरते, निव्वळ मातीची ३२ किलो. पिशवी एक चौरस फूट जागा घेते. हलक्या पिशव्यासुद्धा एकमेकींना चिकटवून सगळीकडे मांडल्या तर चौरस फुटाला १७ किलो होतात, म्हणजे मर्यादेबाहेर. निम्मी गच्ची मोकळी ठेवली तर सरासरी साडेआठवर येते. मोकळी जागा तशीही लागतेच, चालायला आणि झाडायला.

लिंबासाठी १०० लिटरचा अर्धा ड्रम लागेल. तो भरल्यावर ७५-८० किलो होतो आणि ते वजन अगदी लहान जागेवर येतं. असे ड्रम फक्त तुळईवर किंवा खांबाच्या डोक्यावर ठेवायचे. खालच्या खोलीत जाऊन तुळया कुठून जातात ते बाहेरच्या भिंतीपासून टेपने मोजा आणि तीच मापं गच्चीवर खडूने मारा. खोलीच्या मधोमध येणारा भाग हलकाच ठेवायचा, तिथे पालेभाज्यांचे ट्रे चालतील. बाल्कनीच्या आणि सज्जाच्या बाहेर आलेल्या भागावर काहीही नको. कठड्यावर कुंडी तर मुळीच नको, वळवाच्या एका झोताने ती रस्त्यावर जाते.

आता ओल. हो, आधी तीच. ओल्या कोपऱ्यावर बाग मांडली की गळती कुठून आहे हे नंतर शोधता येत नाही.

आउटलेट गोणपाट आणि प्लास्टिकने बंद करा, गच्चीवर २ इंच पाणी साठवा आणि ४८ तास ठेवा. (२ इंच पाण्याचे चौरस मीटरला ५० किलोच होतात, त्याची भीती नको.) खालून दर काही तासांनी छत बघा आणि ओल दिसली की पेन्सिलीने कडा आखून वेळ लिहा. नेहमीच्या दोषी जागा दोन: कठडा आणि कोबा यांच्या सांध्यातला वाटा (सिमेंटची गोलाई), आणि आउटलेटच्या पाइपभोवतीचा सांधा. कोपऱ्यात ओल आहे म्हणजे बहुधा वाटाच सुटलेला असणार.

दुरुस्ती अशी: भेग १० मिमी रुंद आणि तेवढीच खोल व्ही आकारात खोदा, ब्रशने धूळ काढा, लेटेक्स मिसळलेल्या १:३ सिमेंट-वाळूच्या मालाने भरा आणि गोलाई देऊन वाटा पुन्हा मारा. तो नीट वाळला की फायबर जाळी बसवून त्यावर ॲक्रिलिक वॉटरप्रूफिंगचे दोन हात. हे हात कठड्यावर एक फूट उंचीपर्यंत चढले पाहिजेत, कारण पावसात पाणी तिथवर उडतं. ओल्या पृष्ठभागावर कोटिंग धरत नाही, म्हणून हे काम मे महिन्यातच उरका. नंतर पाण्याची चाचणी पुन्हा घ्या.

गवंडी जुन्या कोब्यावर नवा कोबा घालू म्हणेल, त्याला ठाम नकार द्या. कोबा स्वतःच चौरस मीटरला दोनशे किलोच्या पुढे भरतो. दुसरा थर घातला की बागेच्या वाट्याचं सगळं वजन तिथेच संपतं.

आणखी एक. खालच्या छताच्या प्लास्टरचे पोपडे सुटत असतील किंवा गंजलेली सळई दिसत असेल तर बाग थांबवा आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा.

---

ओंजळभरखत

वजनाचं वर नेमकं आलंय. भरण्याचं मिश्रण सांगतो. ४० पिशव्या धरू, म्हणजे ७२० लिटर.

कोकोपीट ४० टक्के, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत ३० टक्के, लाल पोयटा माती २० टक्के, भाताचं तूस १० टक्के. हे प्रमाण घमेल्याने मापायचं, किलोने नाही. यासाठी ५ किलोचे चार-साडेचार कोकोपीट ब्लॉक लागतील (एक ब्लॉक २५ लिटर पाणी पितो आणि फुगून ६५ ते ७० लिटर होतो), १२ घमेली खत, ८ घमेली माती, ४ घमेली तूस. घमेलं १८ लिटरचं धरलंय, त्या हिशोबाने कोकोपीट १६ घमेली होतं. दर पिशवीमागे ५० ग्रॅम निंबोळी पेंड, म्हणजे एकूण २ किलो. ट्रायकोडर्मा (रोगाला रोखणारी उपयोगी बुरशी) किलोभर खताला ५ ते १० ग्रॅम चोळून, सावलीत आठवडाभर गोणपाटाखाली ओलसर ठेवून मग मिसळा. रोपं बुडाशी, मातीलगत कुजून आडवी पडण्याचं प्रमाण त्याने बरंच कमी होतं.

कोकोपीट धुतल्याशिवाय वापरू नका. नारळाच्या सोढणात मीठ असतं आणि न धुतलेल्या ब्लॉकमध्ये रोपांच्या पानांच्या कडा करपतात, लोक त्याला उन्हाचा फटका समजतात. भिजवा, पिळा, पुन्हा भिजवा, असं तीन वेळा. टीडीएस मीटर (पाण्यातले क्षार मोजणारा) असेल तर निथळलेल्या पाण्याचा आकडा नळाच्या पाण्याच्या जवळ येईपर्यंत धुवा. तरीही पहिले काही दिवस पिशव्यांतून तपकिरी पाणी येईल आणि चायना मोझॅकवर डाग पडतील, ते रोजच्या रोज धुऊन टाका.

काळी माती घेऊ नका, फुकट मिळाली तरी. ती भिजली की फुगते, वाळली की कडेने सुटते आणि पाणी मुळांना न भिजवता फटीतून थेट तळाला जातं. खतही हाताला गरम लागत असेल किंवा शेणाचा वास येत असेल तर ते अजून कुजतंय. तसलं खत नत्र स्वतःच खातं आणि रोपं पिवळी पडतात. तयार खताला ओल्या जमिनीचा वास असतो.

पिशव्या एचडीपीईच्या, यूव्ही प्रक्रिया केलेल्या घ्या. पातळ नर्सरीच्या काळ्या पिशव्या पश्चिमेच्या उन्हात वर्ष-दीड वर्षात हाताने फाटतात. मापं अशी:

पालेभाज्या: ६ ते ८ इंच खोल ट्रे, कितीही लांब.
मिरची, वांगी, टोमॅटो: १२ × १२, एका पिशवीत एकच रोप. वांग्याला १५ × १५ दिली तर दुसऱ्या बहराला फरक कळतो.
भेंडी, गवार: १२ × १२ मध्ये दोन रोपं.
वेल: १८ × १८ किंवा अर्धा ड्रम.
कढीपत्ता: १५ × १५.

२० लिटरच्या रंगाच्या बादल्याही उत्तम, आतला वाळलेला रंग पूर्ण खरवडून. निळे ड्रम घेताना आधी त्यांत काय होतं ते विचारा. खाद्यपदार्थांचे असतील तरच घ्या, रसायनाच्या ड्रमला कितीही धुतलं तरी भाजीसाठी नको.

भोकं तळाला नकोत, बाजूला, तळापासून इंचभर वर, १ सेंमीची सहा ते आठ. तळाची भोकं फरशीवर टेकून बंद होतात.

मांडणी विटांवर करा. पिशवीखाली तीन विटा आडव्या, उताराच्या दिशेने, म्हणजे पाणी अडणार नाही आणि खालून झाडू फिरेल. लोखंडी स्टँड घेतलात तर प्रत्येक पायाखाली ४ इंचांचा फरशीचा तुकडा किंवा रबर ठेवा, नाहीतर पायाची धार नव्या कोटिंगला भोक पाडते.

---

कर्वेनगरकर

खूप आभार. वाफ्यांचा विचार सोडला. आजच आउटलेट बंद करून पाणी भरतोय.

काही शंका. तळाला विटांचे तुकडे किंवा खडी घालावी का? सगळे घालतात. आणि टाकीवरून ठिबक चालेल का, की पंप लावावा लागेल? उन्हाळ्यात निम्मं पाणी बोअरचं असतं.

---

थेंबाथेंबाने

विटांचे तुकडे घालू नका. खालच्या खडीमुळे निचरा सुधारतो हा समज चुकीचा आहे. बारीक मिश्रणातलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, मिश्रण पूर्ण भिजेपर्यंत ते त्या सीमेवरच अडून राहतं. म्हणजे चिखलाचा थर उलट मुळांच्या जवळ येतो, वर वजन वाढतं आणि भरण्याची जागा कमी होते. निचरा मिश्रणात असतो. भोकांतून माती वाहू नये म्हणून आतून शेडनेटचा तुकडा लावा, तेवढं पुरे.

ठिबक टाकीवर चालेल, पण ड्रिपर निवडताना लोक फसतात. ओटा ४ फूट आणि टाकीतलं पाणी ३ फूट धरलं तर भरलेल्या टाकीला ७ फुटांचा दाब मिळतो, म्हणजे सेंमी चौरसाला ०.२ किलो. टाकी रिकामी होत आली की ०.१२. बाजारातल्या ड्रिपरवर लिहिलेला प्रवाह १ किलो दाबाचा असतो. साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे कमी होतो, त्यामुळे ४ लिटरचा ड्रिपर तुमच्याकडे तासाला १.८ ते १.४ लिटरच देईल. ८ लिटरचे घ्या, ते ३.५ ते २.८ देतील. दुकानदार महागाचे प्रेशर कॉम्पेन्सेटिंग (दाब बदलला तरी प्रवाह सारखा ठेवणारे) ड्रिपर सुचवेल. ते शेतात उत्तम, पण त्यांच्या आतला पडदा नीट चालायला अर्धा ते एक किलो दाब लागतो, टाकीवर ते कुठे थेंब देतील कुठे देणारच नाहीत.

सामान: टाकीला स्वतंत्र बॉल व्हॉल्व्ह, १२० मेशचा फिल्टर, १६ मिमी लॅटरल (पिशव्यांजवळून जाणारी नळी), तिला टोचून बसवायचे ड्रिपर किंवा ४ मिमी मायक्रोट्यूब, टोकाला उघडता येणारी एंड कॅप. लॅटरलची दोन्ही टोकं जोडून वळसा पूर्ण केला तर दाब सगळीकडे सारखा राहतो. जोडणी झाली की पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली एकेक पेला ठेवून १० मिनिटं पाणी सोडा. दोन्ही पेल्यांत दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर लाइन दोन भागांत तोडा.

टायमर लावायचा असेल तर बॉल व्हॉल्व्ह पद्धतीचा, शून्य दाबावर उघडणारा असा विचारून घ्या. सोलेनॉइडचे (विजेच्या चुंबकाने उघडणारे) टायमर एवढ्या कमी दाबावर नीट उघडत नाहीत.

किती पाणी? मे महिन्यात १२ × १२ पिशवीला रोज दीड लिटर, दोन हप्त्यांत. सकाळी सातच्या आत २० मिनिटं आणि संध्याकाळी १०. ४० पिशव्या आणि चार ड्रम मिळून दिवसाला १०० लिटरच्या आसपास. ऑक्टोबर ते जानेवारीत निम्म्याहून कमी. पावसाळ्यात टायमर बंद, पण सलग तीन-चार दिवस उघडीप मिळाली की हाताने बघा. बघायचं म्हणजे बोट दोन पेरं आत घालून. कोकोपीटचा वरचा थर पटकन पांढरट पडतो आणि आत चिखल असतो, वरून बघून पाणी घालणाऱ्यांची रोपं कुजून जातात. उलट, पिशवी एकदा पूर्ण वाळली तर कोकोपीट पाणी झिडकारतं आणि ते कडेने निसटून जातं. अशी पिशवी अर्धा तास पाण्याच्या टबात बसवून ठेवा.

बोअरच्या क्षारांनी ड्रिपर सहा महिन्यांत पांढरे होतात. काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, सकाळी फुंकून धुवा. एंड कॅप दर पंधरा दिवसांनी उघडून लाइन वाहती करा, फिल्टर दर आठवड्याला. क्षार मिश्रणातही साचतात, म्हणून उन्हाळ्यात महिन्यातून एकदा नळाचं गोडं पाणी तळातून वाहीपर्यंत द्या. आरओ मशीनचं टाकाऊ पाणी झाडांना घालू नका, मशीनमध्ये जाणाऱ्या पाण्यापेक्षा ते जास्त खारं असतं. तांदूळ, डाळ, भाज्या धुतलेलं पाणी चालतं.

पिशव्यांखाली ताटल्या ठेवू नयेत. डेंग्यूचे डास आठवड्या-दहा दिवसांत साठलेल्या पाण्यातच तयार होतात.

---

पालापाचोळा

कोकोपीटला माझा विरोध नाही, पण पुण्यात ते विकत आणायची गरज किती हा प्रश्न आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्यारस्त्यावर पानांचे ढीग पडतात, आणि अजूनही कुठे कुठे ते पेटवले जातात. तीच पानं पिशवीत गेली पाहिजेत. कोल्हापूरच्या प्रयोग परिवाराचे श्रीपाद दाभोळकर यांनी अमृतजल आणि अमृतमातीची जी पद्धत शिकवली, ती गच्चीसाठी आजही सगळ्यांत हलकी आणि स्वस्त आहे.

अमृतजल असं: १० लिटर पाण्यात १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ. झाकून सावलीत तीन दिवस, रोज तीन वेळा ढवळायचं. चौथ्या दिवशी दहा पट पाण्यात मिसळून वापरायचं. वाळकी पानं त्यात २४ तास भिजवा, मग पिशवीत दाबून भरा: चार बोटं पानं, त्यावर ओंजळभर माती-खताचं मिश्रण, पुन्हा पानं. वरचे चार इंच मात्र तयार खत आणि मातीचेच हवेत, रोप तिथे रुजतं. अशी पिशवी ओली असतानाही कोकोपीटवालीपेक्षा बरीच हलकी भरते.

दोन गोष्टी माहीत असाव्यात. हे मिश्रण दोन महिन्यांत निम्मं खाली बसतं, दर पंधरा दिवसांनी वरून भर घालावी लागते. आणि ताज्या पानांनी भरलेल्या पिशवीत पहिल्या महिन्यात वांगी-टोमॅटो लावले तर ते पिवळे पडतात, कारण कुजण्यात नत्र खर्च होतं. म्हणून मार्चमध्ये भरून जूनमध्ये लावायचं. कर्वेनगरकर, तुमचा मे उजाडलाय, तेव्हा यंदा ओंजळभरखत यांचं मिश्रण घ्या आणि पुढच्या मार्चपासून भर पानांची घाला.

पर्जन्यवृक्ष, शिरीष, गुलमोहर यांची बारीक पानं लवकर कुजतात. आंबा, फणस, वडाची जाड पानं आधी चुरून घ्या. निलगिरी आणि सुरू नको. रसवंतीवरची उसाची चिपाडंही चालतात, पण ती आठवडाभर उन्हात वाळवून आणि धुऊन, नाहीतर गोडाला मुंग्या लागतात आणि मुंग्यांच्या मागे मावा येतो.

---

हिरवामाठ

लागवडीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

जूनमध्ये सगळं एकदम लावू नका. कोथिंबीर, मेथी, पालक यांना पुण्याचा जोरदार पाऊस सोसत नाही, पानं चिखलाने माखतात आणि कुजतात. त्या दिवसांत माठ, अंबाडी, अळू आणि मायाळू लावा, हे सगळे पावसावर पोसतात. भेंडी, गवार, दोडका, कारली, काकडी थेट पिशवीत बी टोकून. भेंडीचं बी आठ ते बारा तास भिजवून. परभणी क्रांती घेतलीत तर शिरा पिवळ्या पडण्याच्या रोगापुढे ती बरी तग धरते. गवारीत पुसा नवबहार चांगली. मिरची आणि वांग्याची रोपं आत्ताच ट्रेमध्ये टाका, ३५ ते ४० दिवसांनी ती पिशवीत जातील. टोमॅटो मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत थांबवा. पावसाळी टोमॅटोवर करपा हमखास येतो आणि नवख्या माणसाचा उत्साह तिथेच संपतो. ऑक्टोबरच्या टोमॅटोला थंडीत रोग कमी आणि फळ जास्त.

चौघांना तीन दिवसांतून एकदा भेंडीची भाजी हवी असेल तर किमान आठ-दहा पिशव्या भेंडीच्याच लागतात. दोन पिशव्यांची भेंडी आमटीतही दिसत नाही. कमी प्रकार आणि प्रत्येकाची जास्त रोपं, असं ठरवा. भेंडी एक दिवसाआड तोडा.

वेलांना फुलं भरपूर येऊन फळं गळत असतील तर परागीकरण झालेलं नाही. उंच गच्चीवर मधमाश्या कमी पोचतात. मादी फुलाखाली चिमुकलं फळ असतं, नर फुलाचा देठ सरळ असतो. नर फूल तोडून पाकळ्या काढा आणि त्याचे पुंकेसर मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवा. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, काकडी, कारली, भोपळ्याची सकाळी. वेळ चुकली की उपयोग नाही. तुळस आणि झेंडूच्या दोन-तीन पिशव्या वेलांजवळ ठेवा.

खत: दर पिशवीला पंधरा-वीस दिवसांनी दोन मुठी गांडूळखत, वरचा इंचभर थर हलवून. जोराचा पाऊस झाला की नत्र वाहून जातं, मग ठरलेल्या दिवसाची वाट न बघता एक मूठ द्या. शेंगदाणा पेंड १०० ग्रॅम, लिटरभर पाण्यात तीन-चार दिवस, मग दहा पट पातळ करून पिशवीला पाव लिटर. फुलं येऊ लागली की पेंड कमी करा, नाहीतर नुसता पाला माजतो.

कीड रोज सकाळी पानं उलटून बघितली तर फवारणीची वेळ क्वचित येते. मावा आणि पिठ्या ढेकूण पहिल्या आठवड्यात पाण्याच्या जोरदार धारेने निघतात. पुढे गेले तर कडुनिंबाचं तेल ५ मिली, १ मिली पातळ साबण, लिटरभर पाण्यात, सूर्य मावळल्यावर, पानांच्या खालच्या बाजूला. उन्हात फवारलं तर पानं भाजतात. आधी साबण आणि तेल घोटून पांढरं करा, मग पाणी घाला, नाहीतर तेल वर तरंगतं. मार्च-एप्रिलमध्ये वांग्याची पानं मागून जाळीदार आणि धुरकट दिसली तर तो लाल कोळी. त्याला कोरडी हवा मानवते, म्हणून पानांच्या पाठी रोज पाण्याने भिजवा. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे, रोपाच्या शेंड्याच्या उंचीवर.

कारली, दोडका, काकडी आतून सडकी निघत असेल तर ती फळमाशी. क्यू ल्यूरचा (नर फळमाश्यांना ओढणाऱ्या गंधाचा) एक सापळा गच्चीच्या कडेला पाच फुटांवर टांगा आणि फळ अंगठ्याएवढं झालं की कागदी पिशवी चढवा. सडलेली फळं खताच्या टोपलीत टाकू नका, बांधून कचऱ्यात द्या.

टोमॅटोच्या बुडाला काळा चामड्यासारखा डाग पडला तर ती कीड नाही. झाडाला कॅल्शियम पोचत नाही, आणि बहुतेक वेळा कारण पाण्याचा अनियमितपणा असतो: दोन दिवस कोरडं, मग एकदम भरपूर. आधी पाणी सुधारा, औषधं नंतर.

लिंबाचं बियांचं रोप घेऊ नका, फळाला चार-सहा वर्षं लागतात. गुटी कलम (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं) घ्या.

---

स्लॅबबीम

शेडनेट आणि मांडवाबद्दल लिहायचं राहिलं. ५० टक्क्यांची हिरवी जाळी, मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतच. पाऊस सुरू व्हायच्या आधी ती उतरवा: ढगाळ दिवसांत झाडांना आधीच उजेड कमी, आणि वाऱ्यात जाळी शिडासारखी फुगून खांब उपटते.

खांबांसाठी स्लॅबला ड्रिल करायचं नाही, एकही भोक नाही. २० लिटरच्या बादलीत इंची जीआय पाइप उभा करून काँक्रीट ओता, एक बादली ४५ किलोच्या पुढे जाते. चार कोपऱ्यांना चार, तुळईवर. वेलांच्या मांडवालाही हेच. कठड्याला आधार द्यायचाच असेल तर आतल्या उभ्या बाजूला पट्टी मारा, माथ्यावर नाही, माथ्याच्या भोकातून पाणी भिंतीत उतरतं.

आउटलेटवर घुमटासारखी जाळी बसवा. सपाट जाळी कोकोपीटच्या भुशाने आणि पानांनी एका सरीत बंद होते आणि गच्चीचं तळं होतं. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला हात घालून साफ करायची. आउटलेटभोवती तीन फूट आणि टाकीकडे जाणारी वाट कायम मोकळी ठेवा.

---

पहिलामजला

फ्लॅटवाल्यांनी यातलं काय करावं? आमच्या सोसायटीची गच्ची सामाईक आहे.

---

स्लॅबबीम

आधी सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या आणि त्यात चार गोष्टी लिहून घ्या: कोणता भाग वापरायचा, पाणी कुठल्या नळाचं, गळती झाली तर खर्च कोणाचा, आणि टाक्या, लिफ्टची खोली, जिना यांच्या वाटा मोकळ्या राहतील. वरच्या मजल्यावरच्या सभासदांची लेखी संमती वेगळी घ्या, कारण ओल त्यांच्याच छताला येते. त्यांच्यासमोर ४८ तासांची पाण्याची चाचणी करून छताचे फोटो काढून ठेवा, म्हणजे ओल आधीची की नंतरची यावरून वाद होत नाही.

---

कर्वेनगरकर

चाचणीत नऊ तासांत ओल दिसली, नैर्ऋत्येच्या वाट्याखालीच. पाणी सोडून दिलंय, गच्ची वाळली की भेग खोदायला घेतो. तुळयांच्या रेघा खडूने मारल्या आहेत. मधल्या तुळईवर लिंबाचा ड्रम बसतोय, पण तिथे दुपारी चारनंतर टाकीची सावली येते. चालेल का?

---

हिरवामाठ

चालेल. लिंबाला सहा तास थेट ऊन मिळालं की पुरतं आणि पश्चिमेच्या उन्हातून मेमध्ये ड्रम तापतो, ते टळेल. सावलीची उरलेली पट्टी पालेभाज्यांच्या ट्रेला द्या, ऑक्टोबरमध्ये कोथिंबीर तिथेच आधी उगवेल. धणे रगडून दोन फाका करा, अर्धा इंच खोल पेरा, आणि आठ ते बारा दिवस धीर धरा.